तपासणी कॅमेरा आत घातल्यावर नीट दिसत नाही: लक्षणे, तपासण्या आणि नवा कॅमेरा निवडण्याची वेळ

सिंकखालच्या कपाटामागे, फॉल्स सीलिंगच्या वर, बाथरूमच्या डक्टमध्ये किंवा भिंतीतल्या नळजोडापाशी काय चालले आहे हे तोडफोड न करता पाहता यावे, म्हणून केबलच्या टोकाला बसवलेला छोटा कॅमेरा आता अनेक घरांत असतो. कोणी त्याला एंडोस्कोप म्हणते, कोणी बोअरस्कोप, तर कोणी नुसताच पाइप कॅमेरा. नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे असे कॅमेरे गेली काही वर्षे माझ्याकडे एकाच तक्रारीसह येत आले आहेत: कॅमेरा आत घातला, पण काही नीट दिसत नाही. त्यांतले खरोखर बिघडलेले फार थोडे होते. बहुतेक वेळा पाहायच्या वस्तूपासूनचे अंतर, प्रकाश किंवा केबल यांपैकी एखादी गोष्ट त्या जागेला जुळत नव्हती, आणि ती जुळवल्यावर तोच कॅमेरा उपयोगी पडला. म्हणून खालच्या तपासण्या बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू होतात, आणि भिंतीला छिद्र पाडणे किंवा दुसरा कॅमेरा घेणे या गोष्टी शेवटी येतात.

लक्षणे

तक्रार नेमकी कोणती हे आधी ठरवावे, कारण कोणती तपासणी आधी करायची ते त्यावरूनच ठरते.

– फोनवर चित्रच येत नाही. अॅप उघडते, पण पडदा काळा राहतो किंवा उपकरण जोडलेले नसल्याची सूचना दिसते.
– चित्र येते, पण काही मिनिटांनी जाते, किंवा केबल हलली की गोठते आणि त्यावर आडव्या रेषा उमटतात.
– सगळे चित्र धुके पडल्यासारखे दुधाळ दिसते.
– टेबलावर चित्र स्पष्ट असते, आत गेल्यावर मात्र पुसट होते. मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेली तक्रार हीच आहे.
– मधोमध पांढरा झोत आणि कडेला काळोख दिसतो, किंवा सगळाच काळोख असतो.
– चित्र स्पष्ट असते, पण वरची बाजू कोणती, खालची कोणती आणि समोर दिसते ते काय आहे, हे कळत नाही.
– टोक हव्या त्या जागी पोहोचतच नाही; मध्येच वळते, लोंबते किंवा अडकते.

टेबलावरची पाच मिनिटे

कॅमेरा आत घालण्यापूर्वी टेबलावर तपासावा. बारीक छपाईचा वर्तमानपत्राचा तुकडा सपाट ठेवावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि कॅमेऱ्याचे टोक कागदापासून १ सेंटिमीटरवर धरून हळूहळू ३० सेंटिमीटरपर्यंत मागे न्यावे. अक्षरे कोणत्या अंतरावर वाचता येऊ लागतात आणि कोणत्या अंतरावर पुन्हा पसरतात, हे दोन आकडे लिहून ठेवावेत. त्यानंतर केबल टेबलावर सरळ पसरून ती थोडी थोडी हलवावी आणि चित्र तुटते का ते पाहावे.

या चाचणीचे महत्त्व असे की, दोष कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये आहे की जागेत, हे तिच्यावरून लगेच वेगळे करता येते. टेबलावर अक्षरे कोणत्याच अंतरावर स्पष्ट झाली नाहीत, तर भिंतीत कितीही वेळ कॅमेरा फिरवला तरी उपयोग नाही. अक्षरे स्पष्ट झाली, तर कॅमेरा ठीक आहे आणि शोध जागेकडे वळवायचा. लिहून ठेवलेले दोन आकडे पुढे लागणार आहेत, ते टाकून देऊ नयेत.

भिंगाची स्वच्छता आणि धुके

काही नव्या कॅमेऱ्यांच्या टोकावर भिंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून पातळ पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असतो. तो नखाने अलगद निघतो, पण पारदर्शक असल्यामुळे लक्षात येत नाही आणि महिनोन्‌महिने तसाच राहतो. तो नसेल तर टोक मऊ, किंचित ओल्या कापडाने पुसावे. बोटाचा एक ठसाही या एवढ्याशा भिंगाला पुरेसा असतो, कारण टोकावरच्या दिव्यांचा प्रकाश त्या तेलकट थरात पसरतो आणि सगळे चित्र दुधाळ होते.

पुसूनही आत गेल्यावर चित्र दुधाळ होत असेल, तर ते बहुधा बाष्प असते. थंड खोलीतला कॅमेरा दमट आणि उबदार डक्टमध्ये गेला की थंड पेल्यावर जमते तसेच पाणी भिंगावर जमते. अशा वेळी दिवे पूर्ण प्रखर करून टोक पाच मिनिटे आतच राहू द्यावे. दिव्यांच्या उष्णतेने टोक गरम होते आणि धुके आपोआप उडते. घाईने बाहेर काढून पुसून पुन्हा घातले, तर तेच पुन्हा होते. भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा अगदी हलका हात भिंगावर फिरवून कोरड्या कापडाने टिपून घेतल्यासही धुके धरण्याचे प्रमाण कमी होते. मात्र धुके भिंगाच्या आतल्या बाजूला दिसत असेल आणि तासाभरानेही जात नसेल, तर टोकात पाणी शिरले आहे असे समजावे. तो कॅमेरा दुरुस्त होण्यासारखा नसतो.

फोन आणि कॅमेऱ्याची जोडणी

चित्रच येत नसेल तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी फोन तपासावा. केबलने जोडायच्या कॅमेऱ्यासाठी फोनमध्ये ओटीजीची, म्हणजे फोनला बाहेरचे यूएसबी उपकरण जोडता येण्याची, सोय लागते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ही सोय सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते, आणि काही वेळ वापर झाला नाही तर ती आपोआप बंदही होते. कालपर्यंत चालणारा कॅमेरा आज अचानक ओळखला जात नाही, यामागे मला अनेकदा एवढेच कारण सापडले आहे. दुसरे कारण परवानगीचे असते. फोनचा स्वतःचा कॅमेरा वापरायचा नसला, तरी बाहेरच्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवण्यासाठी अॅपला कॅमेऱ्याची परवानगी द्यावी लागते. ती पूर्वी नाकारली असेल तर पडदा काळाच राहतो. हेच अॅप संपर्क यादी किंवा संदेश वाचण्याची परवानगी मागत असेल तर ती देऊ नये, कारण या कामासाठी तिची काहीही गरज नाही. असे अॅप काढून टाकून यूएसबी कॅमेरा दाखवणारे दुसरे अॅप घ्यावे.

कॅमेऱ्याबरोबर आलेला जोडक, म्हणजे यूएसबी अॅडॉप्टर, तोही बदलून पाहावा. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या जोडकांत आणि केबलींत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात, त्यामुळे टोकावरचे दिवे लागतात, पण चित्र येत नाही. दिवे लागले म्हणजे कॅमेरा जोडला गेला असे समजू नये. शक्य असल्यास कॅमेरा लॅपटॉपला जोडून त्यातील नेहमीच्या कॅमेरा अॅपमध्ये पाहावा, कारण घरगुती यूएसबी कॅमेरे बहुधा यूव्हीसी या सर्वसामान्य पद्धतीचे असतात आणि संगणक त्यांना वेगळ्या अॅपशिवाय ओळखतो. तेथे चित्र आले, तर दोष फोनकडे आहे हे निश्चित होते. आयफोनवर असे साधे यूएसबी कॅमेरे सहसा चालत नाहीत. खोक्यावर आयफोनचा स्पष्ट उल्लेख नसेल तर वेळ घालवू नये.

वाय-फाय कॅमेरा स्वतःचे छोटे नेटवर्क तयार करतो, आणि त्या नेटवर्कवर इंटरनेट नसते. फोनला ते खटकते आणि तो गुपचूप मोबाइल डेटाकडे किंवा घरच्या वाय-फायकडे परततो. म्हणून तपासणी चालू असेपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवावा आणि ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का’ अशी विचारणा आली तर होकार द्यावा. आयफोनमध्ये अॅपला स्थानिक नेटवर्कची परवानगीही लागते.

प्रकाश

टोकावरचे दिवे नेहमी पूर्ण प्रखर ठेवण्याची सवय मोडावी. जवळच्या चकचकीत पाइपवर, ओल्या गिलाव्यावर किंवा टाइलच्या मागच्या बाजूवर पूर्ण प्रकाश पडला की मधोमध पांढरा ठिपका येतो. कॅमेरा त्या ठिपक्याला जुळवून घेण्यासाठी बाकीचे चित्र काळवंडवतो, आणि आपल्याला वाटते की आत अंधार आहे. केबलवरचे चाक फिरवून प्रकाश निम्म्याहून कमी करावा आणि टोक किंचित तिरके धरावे, म्हणजे परत येणारा झोत भिंगात सरळ शिरत नाही.

याउलट मोठ्या पोकळीत हे दिवे पुरत नाहीत. अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा प्रकाश चौथाईवर येतो, म्हणजे ५ सेंटिमीटरवर उजळलेली जागा २० सेंटिमीटरवर सोळाव्या हिश्शाइतकीच उजळते. तेथे दिवे वाढवून काही साधत नाही. दुसऱ्या फटीतून बॅटरीचा उजेड आत सोडावा; चित्रात एकदम फरक पडतो.

ओल शोधताना प्रकाशाचा एक उपयोग मला विशेष वाटतो. एका नातेवाइकांच्या स्वयंपाकघरातील ओट्याखाली, नळाच्या सांध्यालगत पांढरट डाग दिसत होता आणि गळती सुरू आहे अशी त्यांची खात्री झाली होती. टोक डागापासून ४ सेंटिमीटरवर आणले तेव्हा तो खडबडीत, मिठाच्या खड्यांसारखा दिसला. दिवे कमी केले तशी त्याची पांढराई सगळीकडे सारखीच उतरली. तो वाळलेला लोणा होता, म्हणजे पूर्वी कधी तरी तेथून पाणी झिरपलेले होते. तेथून दोन बोटे खाली, सांध्याच्या आटेदार कडेला मात्र एक बारीक चकाकी होती. जवळून पाहिल्यावर तिच्यात कॅमेऱ्याच्या टोकावरच्या दिव्यांचे ठिपके छोट्या वर्तुळात मांडल्यासारखे स्पष्ट उमटले, आणि दिवे मंद करूनही ते ठिपके ठिपकेच राहिले. आरशासारखे प्रतिबिंब देणारा तो थेंब होता, आणि पाहता पाहता तो फुगून खाली सुटला. डाग आणि थेंब यांतला हा फरक ओळखता आला, तर कोणता सांधा उघडायचा हे कळते.

अंतर: बहुतेक तक्रारींचे मूळ

आता टेबलावर लिहून ठेवलेले दोन आकडे हाताशी घ्यावेत. घरगुती कॅमेऱ्यांतील बहुसंख्य कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा ठरलेला असतो. फोनचा कॅमेरा स्वतःहून जवळचे आणि लांबचे जुळवून घेतो, तसे हे कॅमेरे करत नाहीत. त्यांच्या खोक्यावर ‘फोकल डिस्टन्स ३० ते १०० मिलिमीटर’ अशा स्वरूपाची एक ओळ असते, आणि या मर्यादेच्या बाहेर, मग ते अलीकडे असो वा पलीकडे, चित्र पुसटच येते. कॅमेऱ्यातील बिंदूंची संख्या वाढवून त्यात काडीचाही फरक पडत नाही. लोक १०८० आणि ७२० या आकड्यांवर तासभर चर्चा करतात आणि ही ओळ वाचत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण कॅमेरा उपयोगी पडणार की नाही हे याच ओळीवर ठरते.

व्यवहारात याचा अर्थ असा. पाइपमागची फट २ सेंटिमीटरची असेल आणि कॅमेरा ३ सेंटिमीटरच्या पुढेच स्पष्ट पाहत असेल, तर टोक फटीत खुपसण्याऐवजी फटीच्या बाहेर, थोडे मागे धरून आत पाहावे. ४५ अंशांचा छोटा आरसा बरोबर आला असेल तर तोही येथे उपयोगी पडतो, मात्र आरशात डावे-उजवे उलटते हे ध्यानात ठेवून टोक वळवावे. उलट पोकळी मोठी असेल, तर वस्तूच्या जवळ जाईपर्यंत काहीच स्पष्ट दिसणार नाही, म्हणून केबल सावकाश, एका वेळी ३-४ सेंटिमीटर पुढे न्यावी आणि प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबावे. हलत्या टोकातून आलेले चित्र फोकसमध्ये असले तरी पुसट भासते.

पाइपच्या आत कॅमेऱ्याचे टोक तळाला टेकते, त्यामुळे चित्राचा खालचा भाग पुसट आणि वरचा स्पष्ट येतो. हा दोष नव्हे. ड्रेनेजची पाहणी करणाऱ्यांच्या मोठ्या कॅमेऱ्याला टोक पाइपच्या मध्यावर राहावे म्हणून कडी किंवा चाके लावलेली असतात. घरी टोकाला काही बांधून तसे करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण ते सुटून पाइपातच राहण्याची शक्यता मोठी असते.

फॉल्स सीलिंगच्या वरची किंवा पोटमाळ्याची पोकळी मीटर-दोन मीटर लांब असते, आणि तेथे हा कॅमेरा मुळातच चुकीचा आहे. ज्या जागेत फोन हाताने किंवा काठीला घट्ट बांधून आत जाऊ शकतो, तेथे फोनचाच व्हिडिओ आणि फोनचाच दिवा वापरावा. तो कितीतरी पट स्पष्ट दिसतो आणि त्याला काही खर्चही येत नाही.

दिशा आणि मोजमाप

चित्र स्पष्ट असूनही काही उमजत नसेल, तर बहुतेक वेळा केबल आत जाताना पिळली गेलेली असते आणि चित्र आडवे किंवा उलटे झालेले असते. टोकावर वरच्या बाजूला रंगाचा एक ठिपका आधीच करून ठेवावा आणि तो ठिपका वर असताना फोनवरचे चित्र सरळ दिसते याची बाहेरच खात्री करून घ्यावी. केबलवर दर १० सेंटिमीटरला रंगीत चिकटपट्टीची खूण करावी. आत गेल्यावर ‘तो सांधा छिद्रापासून ४० सेंटिमीटरवर आणि उजवीकडे आहे’ असे सांगता आले, तर नंतर नेमकी तेवढीच जागा उघडता येते. नाहीतर चांगले चित्र मिळूनही भिंत अंदाजानेच फोडावी लागते. काय पाहायचे आहे त्याचा बाहेरच्या दुसऱ्या, तशाच पण उघड्या सांध्यावर एकदा सराव करून घेतल्यास आतले चित्र ओळखणे पुष्कळ सोपे जाते.

केबल आत जात नाही किंवा चित्र तुटते

मऊ केबल आडव्या पोकळीत लोंबते, आणि कडक केबल वळणावर अडते. मऊ केबलला आधार हवा असेल, तर इलेक्ट्रिशियन भिंतीतल्या पाइपमधून वायर ओढण्यासाठी वापरतात तशी नायलॉनची पट्टी तिच्याबरोबर चिकटपट्टीने बांधून आत सरकवावी. पट्टीचे टोक कॅमेऱ्याच्या किंचित मागे ठेवावे, म्हणजे ते चित्रात येत नाही. धातूची पट्टी वापरू नये, कारण आत वायर असण्याची शक्यता नेहमी गृहीत धरावी. केबल अडकली तर ओढू नये. अर्धा वेढा पिळून, थोडी पुढे ढकलून मग सैल करावी. जोराने ओढल्यास टोक आणि केबल यांचा जोड प्रथम तुटतो, आणि टोक आतच राहते. टोकाला लावायचे हूक, चुंबक आणि आरसा हे बहुधा नुसते अडकवलेले असतात. ड्रेनेजच्या पाइपमध्ये ते लावून कॅमेरा कधीही घालू नये. एका शेजाऱ्यांचा असा हूक मोरीच्या पाइपच्या बाकात पडून राहिला, आणि ज्या केसांच्या गुंत्यासाठी कॅमेरा घातला होता त्याहून मोठा गुंता पुढे त्या हुकावर जमला.

केबल हलवल्यावर चित्र तुटत असेल, तर जोडकाजवळचा १० सेंटिमीटरचा भाग प्रथम संशयित धरावा, कारण तेथेच ती सर्वांत जास्त वाकते. कॅमेरा सुरुवातीपासून तुटक चालत असेल आणि केबल फार लांब असेल, तर केबलची लांबीच आड येते आहे का ते पाहावे. यूएसबी २.० च्या ठरलेल्या मानकानुसार साधी केबल ५ मीटरपर्यंतच असावी. त्यापुढे विजेचा दाब कमी पडतो, दिवे मंदावतात आणि चित्र गोठू लागते. त्यात वाढीव केबल जोडून लांबी आणखी वाढवली, तर दोष बळावतो.

छिद्र पाडण्याचा निर्णय

येथपर्यंत काही खर्च झालेला नाही आणि काही तुटलेलेही नाही. आत जायला वाटच नसेल तरच छिद्राचा विचार करावा. त्याआधी अस्तित्वात असलेल्या वाटा पाहाव्यात: नळाभोवतीची गोल झाकणपट्टी, डक्टची जाळी, सिंकखालच्या कपाटाची मागची फळी, पाइप भिंतीत शिरतो तेथील फट. यांपैकी एखादी वाट जवळजवळ नेहमी सापडते.

छिद्र पाडायचेच ठरले, तर ५.५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला ८ मिलिमीटरचे छिद्र पुरते. टाइल फोडण्याऐवजी दोन टाइलमधल्या सांध्यात ते पाडावे. स्विचबोर्डच्या, प्लगच्या आणि नळाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल लावू नये, कारण वायर आणि पाइप बहुधा त्याच रेषांतून गेलेले असतात. ड्रिलच्या बिटवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी लावावी आणि बिट पोकळीत शिरल्याचे जाणवताच थांबावे. बाथरूमच्या जमिनीत छिद्र पाडू नये. खालचा जलरोधक थर फुटला, तर नसलेली गळती सुरू होते. जुन्या घरात ॲस्बेस्टॉसचे पत्रे किंवा आवरण असण्याची शंका असेल, तर ड्रिल हातातही घेऊ नये, कारण त्याची धूळ फुप्फुसांना गंभीर इजा करते.

दुसरा कॅमेरा घ्यायचा असेल तर

वरील सर्व करूनही काम होत नसेल, तर कॅमेरा त्या जागेसाठी योग्य नाही. नवा निवडताना आधी जागा मोजावी आणि मग खोक्यावरची फोकसची ओळ वाचावी. भिंतीची पोकळी, कपाटामागची जागा, वॉशिंग मशीनची मागची बाजू यांसाठी २ किंवा ३ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट पाहणारा कॅमेरा पुरतो. त्याहून लांबचे पाहायचे असेल तर स्वयंचलित फोकसचा किंवा लांबच्या फोकसचा घ्यावा, पण मग तो अगदी जवळचे दाखवणार नाही हे मान्य करूनच घ्यावा.

भिंतीच्या पोकळीसाठी मी दोन भिंगांच्या कॅमेऱ्याला प्राधान्य देतो. एक भिंग समोर पाहते आणि दुसरे ९० अंशांत बाजूला. ज्या भिंतीला छिद्र पाडले तिचीच आतली बाजू समोर पाहणाऱ्या भिंगाला कधीच दिसत नाही, आणि ओल अनेकदा तिथेच असते. टोकाचा व्यास ५.५ मिलिमीटरच्या आसपास असावा. ८ मिलिमीटरचे टोक थोडे अधिक उजळ दाखवते, पण नळाभोवतीच्या फटीतून शिरत नाही. केबल दिलेला आकार धरून ठेवणारी, निमकडक असावी आणि घरगुती कामासाठी २ ते ३ मीटर लांबी पुष्कळ झाली. लांब केबल पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून घेतली जाते, पण प्रत्यक्षात ती पिळते आणि सावरत नाही.

केबलने जोडायचा की वाय-फायचा, या प्रश्नात मी केबलच्या बाजूने आहे, कारण त्यात बिघडण्याच्या जागा कमी आहेत. फोनच्या जोडणीचा त्रास वारंवार होत असेल किंवा घरातली वडीलधारी माणसे कॅमेरा वापरणार असतील, तर स्वतःचा पडदा असलेला कॅमेरा घ्यावा. सुरू केला की चित्र येते.

पाणी आणि उष्णता यांबाबतच्या मर्यादा समजून घ्याव्यात. १९५४ साली हॅरल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे दाखवले. त्या पद्धतीत टोकाशी केवळ काच असे. आजच्या घरगुती कॅमेऱ्यात मात्र चित्र टिपणारी चिप थेट टोकात बसवलेली असते, त्यामुळे आतली उष्णता आणि पाणी सर्वांत आधी तिलाच भिडतात. गिझर, ओव्हन किंवा इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय टोक त्याजवळ नेऊ नये. आयपी ६७ याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणे असा आहे, पण हे मानांकन बहुधा टोकाला आणि केबलला लागू असते. बटणांचा भाग आणि जोडक कोरडेच ठेवावे लागतात.

कोठे थांबावे

विजेच्या बाबतीत मुळीच सवलत घेऊ नये. स्विचबोर्डच्या पेटीत, मीटरजवळ किंवा वायर असलेल्या भिंतीत कॅमेरा घालण्यापूर्वी टेस्टर चालतो हे आधी चालू प्लगवर पाहून घ्यावे, मग मेन स्विच बंद करावा आणि त्या टेस्टरने त्या जागी वीज नाही याची खात्री करावी. कॅमेऱ्याचे टोक बहुधा धातूचे असते. ते उघड्या वायरला लागले, तर वीज केबलमधून फोनपर्यंत आणि हातापर्यंत येऊ शकते. वायरजवळ ओल दिसली, काळवंडलेला किंवा वितळलेला भाग दिसला, तर कॅमेरा बाहेर काढून, वीज बंदच ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

गॅसचा वास येत असेल तर कॅमेरा वापरू नये. त्यातील विद्युतभाग ज्वालाग्राही हवेसाठी बनवलेले नसतात. दारे-खिडक्या उघडाव्यात, कोणताही स्विच चालू किंवा बंद करू नये, घराबाहेर पडावे आणि बाहेरून गॅस पुरवठादाराच्या आपत्कालीन सेवेला कळवावे. भिंतीच्या पोकळीत मधमाश्यांचे पोळे किंवा गांधीलमाश्यांचे घर दिसले, तर टोक हळूच मागे घेऊन ते काम करणाऱ्यांना बोलवावे.

मैल्याच्या पाइपमध्ये दुसऱ्या वळणापुढे घरगुती केबल जात नाही, आणि जबरदस्ती केल्यास अडकते. ड्रेनेजवाल्यांकडे ढकलता येणाऱ्या कडक फायबरच्या दांडीचा लांब कॅमेरा असतो, आणि त्यातल्या अनेकांत ५१२ हर्ट्झचा संदेश देणारा भाग असतो, ज्यामुळे अडथळा जमिनीखाली नेमका कोठे आहे हे वरून शोधता येते. घरच्या साधनाने ते होत नाही. भिंतीत किंवा स्लॅबमध्ये रुंदावत जाणारी भेग, गंजून फुगलेली सळई किंवा सुटलेले काँक्रीट दिसले, तर प्लंबरऐवजी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. ओल दिसते, पण कोणत्याही सांध्यावर थेंब सापडत नाही, असे दोन वेळा झाले, तर तिसरे छिद्र पाडू नये. पाइपमध्ये दाब देऊन गळती तपासणारा प्लंबर बोलवावा, कारण कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभाग दिसतो आणि गिलाव्याच्या आतून झिरपणारे पाणी दिसत नाही.

कारागीर येण्यापूर्वी कॅमेऱ्याने केलेले चित्रण पुसू नये. केबलवरची कोणती खूण छिद्राच्या तोंडाशी असताना ते टिपले आणि त्या वेळी नळ चालू होता की बंद, हे प्रत्येक चित्रणाच्या सुरुवातीला तोंडाने बोलून ठेवावे, म्हणजे येणाऱ्याला पहिल्याच भेटीत नेमकी जागा उघडता येते.